दुसरी पट्टी

प्रिय विष्णू,

काल दुसरी पट्टी करून घेतली. वीतभर लांब, दोन बोटं रुंद. लोखंड आपल्याच भंगारातलं, बोल्ट आपल्याच डब्यातले. भोकं पाडायला शेजारच्या वर्कशॉपात गेलो, तर त्यानं पैशाला हात लावला नाही. "राहू द्या शेठ, चहा पाजा," म्हणाला, आणि चहाही शेवटी त्यानंच पाजला. म्हणजे खर्च झाला शून्य. फुकटात होणाऱ्या एवढ्याशा वस्तूवाचून तू गेलास. तिची किंमत काय धरायची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

उद्या तुझं वर्षश्राद्ध. परवा तो साचा पुन्हा मशीनवर चढवायचा आहे. आणि उद्या पान वाढायच्या आधी तुझ्या अक्काला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. ते उत्तर वर्षभर माझ्या तोंडातून निघालेलं नाही. म्हणून आधी तुला लिहितोय. तुला काहीही सांगितलं तरी तू हसायचास, त्यामुळं तुझ्यापासून सुरुवात करणं सोपं.

आठवतं का, सोनपेठहून एसटीनं आलास तो दिवस? हातात एक पिशवी, त्यात तुझ्या आईनं दिलेले धपाटे. ते अर्धे वाटेत खाऊन आला होतास. तेव्हा आपल्याकडं एकच हातमशीन होतं आणि एकच साचा, शिट्टीचा. दांडा ओढायचा, प्लास्टिक साच्यात दाबायचं, साचा हातानं उघडायचा, एक शिट्टी बाहेर. पोखर्णीच्या जत्रेत विकायच्या म्हणून मी दिवसभर दांडा ओढत होतो. तू उभा राहून बघितलंस आणि म्हणालास, "दाजी, एवढा जोर लावून एकच शिट्टी? आमच्या गावचा मास्तर फुकट वाजवतोय की!"

मी तेव्हाच ओळखलं, हा मेव्हणा टिकणार.

तसा मी कोण मोठा लागून गेलो होतो? बोरीकडचा मेंढपाळाचा पोरगा. पुण्यात एका कारखान्यात झाडू मारता मारता मशीन शिकलो, आणि शिकलो ते डोळ्यांनी कमी, कानांनी जास्त. मेंढरांमागं हिंडताना अंधारात घंटीवरून कळायचं, कोणती मेंढी लंगडायलीय. साच्याचंही तसंच. दोन प्लेटचा साचा नीट मिटला की 'धप्प' असा एकच आवाज येतो. पिन कोरडी असली की त्याच्या आधी बारीक कुरकुर. पाणी नीट फिरत नसेल तर माल सुटताना चिकटतो, तो आवाजच वेगळा. पुढं मशीनं वाढली, तेव्हा मी चौकात उभा राहून सांगायचो, तीन नंबरच्या मशीनला तेल घाला म्हणून.

ही माझी विद्या चारचौघांत मशहूर केलीस तूच. कुणी व्यापारी आला की तुझा तमाशा सुरू! माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधायचास, मला गरागरा फिरवायचास, आणि विचारायचास, "बोला दाजी, दोन नंबरवर कोणता साचा हाय?"

"ठिबकचा जॉइनर. आणि त्याचं एक घर बंद आहे, चारऐवजी तीनच नग पडायलेत."

व्यापारी जाऊन बघायचा, तर खरंच तीन. मग तू त्याच्या पाठीवर थाप मारायचास, "बगा! आमच्या दाजींना चुकवून ह्या शेडात उंदीरबी शिंकत न्हाई." आणि मीही छाती फुगवून म्हणायचो, "शेडात टाचणी पडली तरी मला कळतं." किती वेळा म्हटलं असेन मी ते! कामावरच्या बायांना पाठ झालं होतं. सुभद्राबाई तर त्यांच्या नातवाला धाक घालायच्या, "गप बस, शेठला ऐकू जातंय."

तुझं मात्र डोकं वेगळ्याच गोष्टीत. तुला साच्यांचे स्वभाव दिसायचे. टोपण आणि त्याच्या आतलं बूच एकाच साच्यात काढायचा प्रयोग केला होता आपण. पुणेवाले त्याला फॅमिली मोल्ड म्हणायचे. बूच लहान, ते आधी भरायचं आणि फुगून बाहेर यायचं. टोपण मोठं, ते अर्धवटच राहायचं. मी वैतागून बसलो होतो. तू काय म्हणालास? "फॅमिली हाय ना दाजी, मग असंच व्हनार. धाकट्याचं पोट आधी भरतंय अन् थोरला उपाशी. आमच्या घरी मी धाकटा, अक्काला विचारा!"

अक्का तेव्हा बायांसोबत बसून माल तोडत होती. दोन प्लेटच्या साच्यातून माल कसा येतो, द्राक्षाच्या घडासारखा, मधे काडी आणि काडीला लटकलेले नग. नग तोडायचे, काडी ग्राइंडरला टाकायची, तिचा चुरा पुन्हा मशीनमध्ये. ग्राइंडर लागला की त्या खडखडाटात बाया एकमेकींशी हातवाऱ्यांनी बोलायच्या. अक्कानं हातवाऱ्यांनीच तुला दाखवलं होतं, थांब, घरी ये, लाटणं दाखवते.

मग आला थ्री-प्लेट. कीटकनाशकाच्या बाटलीच्या टोपणांची ऑर्डर मिळाली, आणि तो साचा पुण्याहून टेम्पोत आला. टेम्पोतून उतरायच्या आधी बायांनी हळदकुंकू लावलं त्याला. बायांना त्याचं कौतुक एकाच गोष्टीचं. हा साचा दोन ठिकाणी उघडतो. एका फटीतून काडी पडते, दुसऱ्या फटीतून टोपणं. तोडायची भानगडच नाही.

"मंग आमी काय करायचं?" सुभद्राबाईंनी विचारलं होतं.

"तुमी टोपणं मोजायची अन् मला शिव्या द्यायच्या," तू म्हणालास. आणि तिथंच साच्यासमोर उभा राहून तू त्यांना तो समजावून सांगितलास. "दोन प्लेटचा साचा म्हंजी नवरा-बायको. एक हालतंय, एक हालत न्हाई. कोन हालत न्हाई ते तुमाला ठावं हाय. अन् हा तीन प्लेटचा. ह्याच्यात मधी सासू आलीय. ती कुनालाच बांधलेली न्हाई. पिनांवर मोकळी हिंडतीय, कदी हिकडं कदी तिकडं."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. अक्का हसून हसून खोकायला लागली.

विष्णू, तूच म्हणाला होतास रे, मधली कुणाला बांधलेली नाही म्हणून! तू गेलास त्याच्या चारच दिवस आधीचं, तुझ्याच तोंडचं वाक्य. मग त्या दुपारी ते तुला का आठवलं नाही?

आपली एकच पट्टी होती. लाल रंगाची, खिळ्याला टांगलेली. साचा चेनपुलीला लटकवायच्या आधी त्याची दोन्ही अंगं एकमेकांना बांधून ठेवायची, नाहीतर हवेत असताना तो उघडतो आणि अर्धा खाली येतो. हे तूच नव्या ऑपरेटरांना शिकवायचास. प्रत्येक साच्याबरोबर त्याची त्याची पट्टी यायची, पण ती लावत बसायचा तुला कंटाळा. "एक पट्टी, सारे साचे," असं म्हणून बाकीच्या तू भंगारात टाकायचास. मी कधी अडवलं नाही, कारण दोन प्लेटच्या साच्याला एक पट्टी पुरतेच. इतकी वर्षं पुरली. थ्री-प्लेटबरोबर दोन पट्ट्या आल्या होत्या. त्याही गेल्या भंगारात. कालची पट्टी मी त्यातल्याच एका तुकड्याची केली की काय, कोण जाणे. गंजलेलं लोखंड सगळं सारखंच दिसतं.

दुसरी तुझी सवय होती, तिला मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. साखळीला पहिला हिसका द्यायच्या आधी तू ओरडायचास, "हुश्शाऽर!" सगळे मागं सरकायचे. शेड रिकामं असलं तरी ओरडायचास. एकदा रविवारी आपण दोघंच होतो, मी दारात उभा, तरी ओरडलास. मी म्हटलं, "अरे कुणाला सांगायलास?" तर म्हणालास, "साच्याला. त्यालाबी कळाया पायजे का आता त्याला उचलायलोत."

त्या दिवशी टोपणांची ट्रायल झाली होती. टोपणं सुरेख आली होती, तू एक खिशात घातलंस, अक्काला दाखवायला. संध्याकाळी जॉइनरचा माल द्यायचा होता, म्हणून तो साचा उतरवून जुना चढवायचा ठरलं. मी म्हटलं, जेवणाची सुट्टी संपू दे, माणसं येऊ दे. तू म्हणालास, "तोवर उतरवून ठेवतो की. एका हातानं साखळी, एका हातानं सासू."

बाया बाहेर लिंबाखाली डबे सोडून बसलेल्या. ऑपरेटर घरी जेवायला गेलेला. शेडात आपण दोघंच. तू मशीनपाशी, मी कोपऱ्यात, तुझ्याकडं पाठ करून. हाकेच्या अंतरावर.

नंतर जे दिसलं त्यावरून काय झालं ते कळतंच. लाल पट्टी तू बांधली होतीस, नेहमीसारखी, घट्ट. पण तिनं धरले होते साच्याच्या तीन प्लेटांपैकी दोनच पाट. तिसरा नुसता पिनांवर बसलेला. साचा साखळीवर बाहेर आला, थोडा तिरका झाला, आणि तो पाट घसरून सुटला. खाली लाकडाचे ठोकळे सरकवायला तू वाकला होतास. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी तुझा शर्ट माझ्या हातात दिला. खिशातलं टोपण तसंच होतं. त्याला साधा चरासुद्धा गेला नव्हता.

ते टोपण अक्कानं देवघरात ठेवलंय.

पुढचं तुला माहीत नाही ते सांगतो. तेराव्याच्या आधीच चौकातल्या हॉटेलात बोलणं सुरू झालं. माणसं मुद्दाम हळू बोलतात, पण मी पडलो असा, मला पलीकडच्या टेबलावरचंही ऐकू येतं. एक म्हणाला, "फोन कानाला लावून साखळी वढायलता म्हनं." दुसरा म्हणाला, "वरडला असता तर बाहीर बायांनी ऐकलं नसतं का? बेफिकीर मानूस, दुसरं काय." मी उठलो आणि त्यांना सांगितलं, त्याचा फोन ऑफिसात चार्जिंगला होता, मी स्वतः काढला. फोनची गोष्ट मिटली. ओरडल्याची मिटली नाही. त्यावर मी काही बोललो नाही, आणि हॉटेलातल्यांनी माझ्या गप्प बसण्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

ते बोलणं भेटायला आलेल्या बायांबरोबर घरी पोचलं. तेव्हापासून अक्काचं एकच.

"तुमी आतच होतात ना?"

"होतो."

"मंग हुश्शार म्हनला का न्हाई माझा भाऊ?"

"सांगतो की. जरा दिवस जाऊ दे."

दिवस गेले. ती शेडात यायची बंद झाली. दसऱ्याला बायांनी सगळ्या साच्यांची पूजा केली. तो एक ताडपत्रीखाली होता, त्याच्यावर सुभद्राबाईंनी लांबूनच झेंडूचं फूल टाकलं. ते ताडपत्रीवरच वाळलं. मला वाटायचं, अक्का त्या साच्याला शिव्याशाप देत असेल. पण नाही. मी त्याला विकायची गोष्ट काढली तर म्हणाली, "कामून विकता? लोखंडाचा काय दोष? ईष्णूनं कौतुकानं आनला व्हता. चालवा. पन आधी मला सांगा."

आज सकाळी चहाचा कप समोर ठेवला आणि उभीच राहिली.

"वरीस झालं तुमचं सांगतो सांगतो. लय वाईट वरडला का वो? मला हाक मारली का? काईतरी असं हाय, जे तुमाला सांगवत न्हाई. मी रोज नवं नवं इचार करून बेजार झाले. कालच्याला वाटलं, पानी मागितलं असंल."

"तसं काही नाही गं."

"मंग कसं हाय? साऱ्या एमआयडीसीत तुमच्या कानाचा डंका. उंदीर शिंकलेला तुमाला ऐकू येतंय. अन् माझा भाऊ काय म्हनला तेवढंच सांगता येत न्हाई? उद्या पान वाढायच्या आत सांगा. न्हाई तर मी पान वाढनार न्हाई. उपाशी राहू द्या त्याला, त्याचं पाप तुमच्यावर."

चहा निवून गेला. ती आत गेली, आणि भांडी आपटायचा आवाजही आला नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात ती रागावली आणि भांडी वाजली नाहीत, असं पहिल्यांदाच झालं.

आता तूच सांग, काय उत्तर देऊ?

धंद्यात मी काय कमी थापा मारल्यात? माल गाडीत चढला नसला तरी 'रस्त्यात आहे' म्हणून सांगितलंय. इथं तर एक शब्द पुरे आहे, 'ओरडला'. तुझं नाव राहील, हॉटेलातली तोंडं बंद होतील, अक्का पोटभर रडेल आणि झोपेल. दहादा ते ओठांवर आलं. पण तुझी बहीण आहे ती, तुझ्यासारखीच. तिचा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय. "वरडला अन् तुमी ऐकलं, तर मागं वळून कामून बगितलं न्हाई?" हुश्शार ऐकलं की तुझ्याकडं बघायचं, पट्टी बघायची, हे तर माझं काम होतं. मी पाहिलं असतं तर तिसरा पाट मला दिसला असता. निदान मला तसं वाटतं.

आणि 'नाही ओरडला' म्हटलं, तर हॉटेलातले म्हणतात तेच खरं ठरतं. तू बेफिकीर ठरतोस. रिकाम्या शेडातही ओरडणारा माणूस! ते मी माझ्या तोंडानं कसं म्हणू?

राहिलं तिसरं उत्तर. तेच खरं आहे. त्यात तुझ्या नावाला धक्का लागत नाही. जातं ते माझं नाव, जे तू टॉवेल बांधून बांधून मोठं केलंस. म्हणून वर्षभर अडून बसलोय. हसू नकोस. आता हसूच नकोस तू.

सुभद्राबाई एकदा म्हणाल्या होत्या, तुझं सुतक फिटल्यावर, मान खाली घालून. "काईतरी जड पडल्यावानी भुई हादरली वो शेठ. मी उठायलते. पन म्हनलं, शेठ आत हाईत, त्यांला कळलंच असंल." त्यांनी पुन्हा भाकरीचा तुकडा मोडला. माझ्यावर भरवसा ठेवून!  

परवा साचा चढेल तेव्हा दोन्ही पट्ट्या लागतील. दोन्ही मी बांधीन. नवीही लालच रंगवली आहे आणि साच्याला साखळीनं कायमची अडकवून टाकली आहे, म्हणजे कुणाला भंगारात टाकता येणार नाही. तुझं ते हॉट रनरचं खूळ होतं ना, काडीच न पडणारा साचा? "तो आल्यावरच बाशिंग बांधीन," म्हणून चाळिशीपर्यंत बिनलग्नाचा हिंडलास. तो काही मला झेपेल असं वाटत नाही, खोटं कशाला सांगू. पण तुझी टोपणं मात्र निघतील. पहिल्या टोपणाचं काय करायचं ते अक्का ठरवेल.

साखळी हलायच्या आधी हुश्शार आता मी म्हणणार. म्हणून झालं की थांबणार, चारी बाजूंना बघणार. आणि एक गोष्ट कायमची बंद केली आहे. साचा चढत-उतरत असताना शेडात दुसरं काहीच चालू राहणार नाही. मेन स्विच खाली, तेव्हाच साखळीला हात. ऑपरेटर म्हणाला, "शेठ, टाइम जाईल." म्हटलं, जाऊ दे.

आणि उद्या पान वाढायच्या आत, तुझ्या अक्काला समोर बसवून सांगणार आहे. हे वचन. काय सांगणार, ते इथं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या शब्द बदलायचे नाहीत. "सुट्टीत काड्यांचं एक पोतं दळून होईल म्हणून मी ग्राइंडर लावला होता. पोतं संपलं, बटन दाबलं, वळलो, तेव्हा तो खाली पडलेला होता. तो ओरडलाच असेल. मला काहीच ऐकू आलं नाही."

तुझा,
दाजी